बोरू बुडवण्याचा धंदा

बोरू मारायचा असेल तर तो पाण्याखाली कापावा लागतो. वरून कापला, जाळला, मशीनने उपटला तरी तो परत येतो, आणि आधीपेक्षा दाट येतो. पण पावसाळा संपता संपता, तळं काठोकाठ भरलेलं असताना, छातीभर पाण्यात उतरून तो पातळीच्या हातभर खाली कापला आणि कापून उरलेली थुटं पुढे महिना-दीड महिना पाण्याखालीच राहिली, तर बोरू बुडून मरतो. पाण्यात वाढणारं गवत पाण्यातच बुडून मरतं हे ऐकून लोक हसतात. माझा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

मी मुरबाडचा. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतली गावतळी, पाझर तलाव, फार्महाउसांमधली डबकी साफ करायची कामं घेतो. स्वतःचं पोकलेन आहे, ते चालवणारा गणपत आहे, आणि कापणीच्या दिवसांत पाण्यात उतरायला जवळपासच्या वाड्यांतली माणसं येतात. या अंकाच्या संपादकांनी धंद्यातले गमतीशीर किस्से मागितले होते. तसे एकदोन आहेत, ते देतो. त्यापुढे जे सांगायचं आहे ते गमतीशीर नाही. ते ज्या वाडीत घडलं तिथल्या माणसांना मी तोंडावर सांगून टाकलेलं आहे, त्यामुळे इथे कुठलं गुपित फुटणार नाही. सांगून हलकं वाटेल असं मला वाटलं होतं, ते तेवढं झालं नाही.

आधी बोरू म्हणजे काय ते सांगतो. पूर्वी ज्याच्या लेखण्या करून लोक मोडी गिरवायचे, तेच हे गवत. पुस्तकात त्याला देवनळ म्हणतात. लांबून पाहणाऱ्याला ऊस वाटतो. दोन पुरुष उंच वाढतो, दांडा पोकळ, पेरापेराचा, आणि पानं लांब, टोकाला सुईसारखी. वारा एका बाजूने वाहत असला की सगळी पानं वळून एकाच बाजूला जातात, निशाणासारखी. दिवाळीच्या सुमाराला त्याला तुरे येतात. आधी तपकिरी-जांभळे असतात, मग थंडीत चंदेरी होऊन झडतात. त्या तुऱ्यांत बी असतं, पण बोरूचा स्वतःचाच त्या बियांवर फारसा भरवसा नसावा, कारण त्यातलं रुजतं थोडं. त्याचा खरा कारभार चिखलाखाली चालतो. तिथे त्याचं अंगठ्याएवढं जाड आडवं खोड जाळ्यासारखं पसरत जातं आणि त्याच्या प्रत्येक पेरातून नवा दांडा वर येऊ शकतो.

चिखलात हवा नसते. मग मुळं जगतात कशी, तर पोकळ दांड्यांतून वरची हवा खाली पोचते. उभा वाळलेला दांडासुद्धा हे काम करत राहतो. म्हणून पाण्याच्या वर चार बोटं जरी थूट राहिलं तरी बोरू जगतो, आणि सगळीच थुटं पाण्याखाली गेली की गुदमरतो.

हे मला धंद्यात पडल्यावर कळलं असं नाही. मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर आहे. मुरबाडहून एसटीने कल्याणला कॉलेजात जायचो. बोरूच्या मुळाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की आत हवेच्या पोकळ्यांची सुंदर जाळी दिसते. त्याची मी काढलेली आकृती सरांनी वर्गात फिरवून दाखवली होती. मला शिक्षक व्हायचं होतं. झालो नाही. एका कंत्राटदाराकडे मुकादम म्हणून लागलो आणि पुढे स्वतःची कामं घ्यायला लागलो.

माझं स्वतंत्रपणे घेतलेलं पहिलं काम आटगावचं. तिथलं तळं मी मशीनने उपसून दिलं आणि बोरूचे गड्डे स्टेशनच्या मागच्या खोलगट जागेत टाकले. तिथून मशीन थेट शहापूरजवळच्या दुसऱ्या तळ्यावर नेलं. बकेट धुवायची असते हे तेव्हा सुचलं नव्हतं. पुढच्या पावसाळ्यानंतर त्या शहापूरच्या तळेमालकाचा फोन आला.

"ओ शेठ, तुमी तळं साफ करायला आलता का पेरनी करायला?"

"का, काय झालं?"

"या नि बगा. आमच्या आजाच्या टायमालाबी बोरू नव्हता हितं. आता माझी म्हस त्यात हरवते."

मी मुकाट्याने मशीन घेऊन गेलो. बकेटच्या दातांत अडकून आलेल्या दोनचार पेरांनी निम्मं तळं व्यापलं होतं. तेव्हा मला कॉलेजातली ती आकृती आठवली, आणि त्याच वर्षी मी पाण्याखाली कापायला सुरुवात केली. ते तळं मी दोन खेपांत कायमचं मोकळं केलं. त्यानंतर तालुक्यात लोक माझ्याबद्दल बोलू लागले, याच्या हातचा बोरू परत येत नाही. मला ते ऐकायला आवडायचं.

दुसरा किस्सा मुरबाडकडच्या एका फार्महाउसचा. मालक मुंबईचे, शनिवार-रविवार येणारे. त्यांना व्हरांड्यातून पाणी दिसायला हवं होतं आणि मधे बोरू होता. मी काढून दिला. थंडीत त्यांचा फोन आला, "अहो, ते जांभळे पक्षी कुठे गेले? मिसेसना त्यांच्या आवाजाची सवय झाली होती."

"साहेब, पाणकोंबड्या त्या. बोरूतच घरटी करतात."

"मग दुसरं काहीतरी लावा ना. कमी उंचीचं."

कमी उंचीचा बोरू अजून निघालेला नाही असं मी सांगितलं. पुढे कधीतरी तिकडे गेलो तर आंब्याच्या फांदीला एक छोटा स्पीकर बांधला होता आणि त्यातून पक्ष्यांचे आवाज येत होते. कुठले होते कोण जाणे, आपल्याकडचे तरी नव्हते. गणपत हसून हसून मशीनवरून पडायचा राहिला. मीही हसलो.

आमच्या कामात एक रीत आहे, ती आता सांगायला हवी. आमच्या भागातल्या बहुतेक जुन्या तळ्यांच्या काठाला साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता असतात. लोक नुसतं 'बाया' म्हणतात. सात शेंदरी दगड, त्यांच्यापुढे हिरव्या बांगड्या, कधी दहीभात. या दगडांच्या मागचा बोरू कुणी कापत नाही. गावकरी कापत नाहीत आणि मशीनवालेही कापत नाहीत. गणपत दुसऱ्या कशाला घाबरत नाही, पण बायांच्या कोपऱ्याकडे बकेट वळवायची म्हटलं की इंजिन बंद करून खाली उतरतो. आम्ही अशा प्रत्येक तळ्यावर एक कोपरा सोडायचो आणि त्याची कधी चर्चासुद्धा होत नसे. यात कुणाला वनस्पतिशास्त्र कळत होतं असं नाही. लोकांना भीती होती, एवढंच. सोडलेल्या कोपऱ्यातून बोरू पुन्हा पसरायचा, पण तो बायांचा म्हणून लोक मला बोल लावत नसत, आणि काही वर्षांनी काम परत माझ्याकडे यायचं.

किन्हवलीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे. तिचं नाव लिहीत नाही. वाडीला एक तळं, तळ्याला मातीचा बांध, आणि बांधाखाली एक विहीर. तळ्यातलं पाणी जमिनीतून झिरपून विहिरीला लागायचं. त्या विहिरीला पाऊस पडेपर्यंत पाणी पुरायचं, ही वाडीची शान होती. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मला बोलावलं.

"सगळाच्या सगळा काढायचा," नाना म्हणाले. नाना वाडीतले कर्ते गृहस्थ, तळ्याचं काम त्यांनीच मंजूर करून आणलं होतं. "डुकरं बसत्यात त्यात. भात तुडवायचं नि परत बोरूत जाऊन झोपायचं."

"बायांचा कोपरा सोडून," गणपतने मशीनवरूनच सांगून टाकलं.

"तोच तर कोपरा, बाबा! डुकरं तितंच ऱ्हातात. बायांनी पाळलीत जनू."

"नाना, जीभ आवर," बांधावर धुणं धुणारी बाई म्हणाली. "तोंड वाकडं व्हईल, मंग पेज कशानं पिशील?"

ती बुधाबाई. विहिरीला सगळ्यांत जवळचं घर तिचं. नवरा वारलेला, मुलगा संतोष भिवंडीला गोडाउनमध्ये कामाला. घरची भाताची दोन खाचरं ती एकटी करायची.

बायांचा तो कोपरा कुठे होता, तर जिथे डोंगरावरचा ओहोळ तळ्यात उतरतो तिथे. गढूळ पाणी दाट बोरूत शिरलं की त्याचा वेग मरतो, माती तिथेच खाली बसते आणि पुढे तळ्यात निवळ पाणी जातं. हेही मी कॉलेजात शिकलो होतो. वर डोंगर खोदून प्लॉट पाडायचं काम सुरू झालेलं मला बांधावरून दिसत होतं. तरी मी गप्प राहिलो. सगळा बोरू काढला तर तो परत येणार नाही याची मला हमी देता येत होती, कोपरा ठेवला तर देता येत नव्हती. माझ्या गप्प राहण्याला दुसरं काही कारण नव्हतं. उलट मीच तोड सुचवली: बायांना चांगला ओटा बांधू, विधी करून तिकडे नेऊ, मग कोपरा मोकळा.

भगत आला, नारळ फुटले, बांगड्या वाहिल्या आणि सात दगड बांधावरच्या नव्या ओट्यावर गेले. ओट्याला मी टाइल्स लावून दिल्या. माझ्या घरच्या न्हाणीघरातून उरलेल्या होत्या, पांढऱ्या, निळ्या फुलांच्या.

बुधाबाईने ओटा बघितला. "बायांना बाथरूम बांदलंत की वो, भाऊ," म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसली. मग हात जोडले.

ते काम माझ्या हातून झालेलं सर्वांत सफाईचं काम आहे. आम्ही पाण्यात उतरून कोपऱ्यासकट सगळा बोरू हातभर खाली कापला. त्या वर्षी पाणी उशिरापर्यंत टिकलं, एकही थूट वर आलं नाही. पौषात गेलो तर तळं आरशासारखं पडलं होतं आणि त्यात डोंगर उलटा दिसत होता. पोरं फोटो काढत होती. नानांनी मला शाल घातली.

पुढच्या पावसाळ्यात ओहोळाने डोंगरावरची खोदलेली तांबडी माती आणली. तिला अडवायला काही नव्हतं. ती सरळ तळ्यात शिरली, तळभर पसरली आणि बसली. मुळांची वीण गेल्यामुळे त्या बाजूचा काठही ढासळून आत आला. विहिरीचं पाणी आधी चहासारखं झालं. मग निवळलं, म्हणून सगळे निर्धास्त झाले. पण बारीक माती तळ्याच्या बुडाशी लिंपल्यासारखी बसली होती. झिरप बंद झाली. होळीच्या आधी विहिरीचा तळ दिसला.

बुधाबाईचा फोन आला. "भाऊ, इहीर आटली."

"यंदा सगळीकडेच पाणी कमी आहे, बाई."

"सगळीकडचं नगा सांगू. आमची आटली."

मी गेलो. लोक टँकरची वाट बघत हंडे लावून बसले होते. तिथेच ओट्याशेजारी उभं राहून मी जसं झालं तसं सांगितलं. मला हे होणार हे ठाऊक असण्यासारखं होतं, हेही सांगितलं. शिव्या मिळतील असं वाटलं होतं. त्या मिळाल्या नाहीत. नानांनी आपला हंडा रांगेत पुढे सरकवला. बुधाबाई एकटी बोलली.

"आनि डुकरं तर अजून येत्यात," ती म्हणाली. "बोरू गेला, इहीर गेली, डुकरं हाईतच."

मग तिने सांगितलं की संतोष घराला कुलूप लावून भिवंडीला चल म्हणतोय. तिकडे खोलीत नळ आहे. "त्याला म्हनलं, एक पावसाळा थांब. ते बोरूचं म्हनता तसं व्हत आसंल तर लावा परत. जगला तर मी ऱ्हाते. नायतर दर उन्हाळ्याला हंडा घिऊन बसायला माज्यात जीव नाय आता."

मी लावतो म्हणालो. आधी तळ्यातला गाळ काढून दिला, बुडाची माती मोकळी केली. मग ओहोळाच्या तोंडाशी लावायला बोरू शोधायला निघालो. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत वाईट दिवस म्हणावे लागतील. ज्या ज्या तळ्यावर बोरू असल्याचं आठवत होतं, तिथे तिथे गेलो. प्रत्येक तळं मीच साफ केलं होतं. कोपरे तरी असतील म्हटलं, तर तेही नव्हते. बायांना ओटा बांधून द्यायची माझी युक्ती गावोगाव पोचली होती. काही ठिकाणी मी बांधले होते, बाकी ठिकाणी लोकांनी माझं बघून. पाण्याकाठी टाइल्स लावलेले स्वच्छ ओटे आणि पुढे मोकळं पाणी. एका ठिकाणचे म्हातारे गृहस्थ अभिमानाने म्हणाले, "एक काडी ऱ्हायली नाय बगा, शेठ. तुमच्या हाताला यश हाय."

शेवटी बोरू सापडला तो आटगावात. स्टेशनच्या मागे, पहिल्या कामाचे गड्डे मी जिथे टाकले होते त्याच खोलगट जागेत. आजूबाजूच्या चाळींचं सांडपाणी तिथे साचतं, आणि त्यात प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये बोरू माजला होता. वाऱ्याने सगळी पानं एका बाजूला वळली होती. 

बोरू लावायचा तर वैशाखात लावावा. काठाला ओल असते, पाणी वाढलेलं नसतं, आणि पावसाचं पाणी चढेपर्यंत कोंब माणसाच्या कमरेएवढे होतात. मला हे माहीत होतं. पण वैशाखात माझं मशीन मुरबाडजवळच्या एका तलावात अडकलेलं होतं. ते काम पावसाआधी संपवून द्यायचं कबूल केलं होतं. उद्या जाऊ, परवा जाऊ करता करता पहिले पाऊस पडून गेले आणि मग मी आटगावचे गड्डे टेम्पोत घालून वाडीवर पोचलो. मुरबाडच्या त्या तलावातला बोरू मी आधीच संपवला होता, त्या दिवसांत नुसता गाळ उपसत होतो.

तरी कोंब आले. हिरवेगार, टोकदार, चिखलातून भाले वर यावेत तसे. बुधाबाईने गुरं शिरू नयेत म्हणून काट्यांचं कुंपण घातलं. रोज फोन करायची. "ईतभर झाला, भाऊ." मग, "गुडग्याला लागतो." तिच्या आवाजात इतका आनंद असायचा की मला फोन उचलायची भीती वाटायची.

मग पाऊस लागला तो थांबेना. मी गेलो तेव्हा कोंबांची टोकं तेवढी पाण्याबाहेर होती. दुसऱ्या दिवशी तीही गेली. तांबड्या पाण्याखाली ते कुठे आहेत हे फक्त काट्यांच्या कुंपणावरून कळत होतं. एक उपाय होता. बांधाच्या सांडव्यापाशी थोडं खोदून पाणी हातभर उतरवायचं. मी नानांना तसं म्हणालो.

"पानी सोडायचं?" नाना माझ्याकडे बघतच राहिले. "येवडा उन्हाळा टँकरच्या मागं पळालो, आनि आता भरल्या तळ्याचं पानी सोडायचं?"

"नाना, नाहीतर बोरू बुडेल. महिनाभर पाणी वर राहिलं की संपलं."

"पुडं पाऊस दडी मारंल तर? तुमी देनार हाव का पानी?"

ते बरोबर होते. पाऊस पुढे दडी मारणार नाही हे मी सांगू शकत नव्हतो, आणि याआधी जे ठामपणे सांगितलं होतं त्याचं काय झालं ते सगळ्यांसमोर होतं. बुधाबाई पावसात डोक्यावर इरलं घेऊन उभी होती. ती माझ्या बाजूने काहीतरी बोलेल असं मला वाटलं. तिने एकदा पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाय सोडवत वो पानी, भाऊ. हात व्हत नाय."

पाणी सोडलं नाही. गणपती उठल्यानंतर ते उतरलं तेव्हा मी चिखलात उतरून एकेक कोंब हलवून पाहिला. काळे पडले होते. हाताला मऊ लागायचे आणि अलगद उपटून यायचे, सडक्या अंड्यासारखा वास मारत. इतकी वर्षं मी हीच गोष्ट करत आलो होतो आणि ती नीट झाली की नाही हे याच पद्धतीने, हलवून, तपासत आलो होतो. काम चोख झालं होतं.

बुधाबाई नवरात्रात गेली. संतोष जीप घेऊन आला होता. भांडी, गोधड्या, एक कोंबडी पाटीखाली झाकलेली. तिने मुद्दाम मला बोलावून घेतलं होतं. जीपमध्ये बसायच्या आधी ती ओट्यापाशी गेली, बायांना हिरव्या बांगड्या वाहिल्या, टाइल्सवरचा चिखल पदराने पुसला.

"आये, चल गो, टाइम व्हतोय," संतोष म्हणाला.

"थांब रे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, तुमी आनलंत त्यांना हितं. आता तुमीच बगा त्यांच्याकडं. आमचं कोन येनार?"

मी हो म्हणालो. त्यानंतर एकदा जाऊन आलो. मुरबाडच्या बाजारातून बांगड्या घेताना दुकानदाराने माप विचारलं. मला सांगता आलं नाही. कुठल्याही द्या म्हणालो.

हे लिहायला घेतलं त्या आठवड्यात माझ्याकडे एक नवीन काम आलं. आटगाव स्टेशनच्या मागची ती खोलगट जागा मोकळी करायची आहे. सांडपाण्याला वाट करून द्यायची, डास फार झालेत, लोकांची तक्रार रास्त आहे. बोरू मुळासकट काढायचा, परत येता कामा नये, म्हणून मुद्दाम मलाच विचारलं. मी नाही म्हटलं तर दुसरा कुणी करेल. हे मी स्वतःला सांगतो आहे हे मला कळतं. मी हो म्हणालो आहे.

काल गणपतला सांगितलं, "या वेळी एक कोपरा सोडायचा."

"कुटला?"

"कुठलाही. कडेचा एखादा."

गणपत मशीनला ग्रीस लावत होता. त्याने हात थांबवला. "तितं बाया कुटं हायत, शेठ?"

"बाया नाहीत. नसल्या तरी सोडायचा."

त्याने ग्रीसचा हात फडक्याला पुसला. मी थट्टा करत नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं.

"मी सोडीन," तो म्हणाला. "पन लोकं इचारतील, ह्यो कशापायी ठेवला. त्यांना काय सांगू?"

दिवाळी झाली की मशीन आटगावात जाईल. तोपर्यंत मला त्याला काहीतरी सांगावं लागेल.